थोड्या अंड्यांचा मोठा संसार

उजनी जलाशयाच्या काठावर मिळणारी चिलापी ज्याने खाल्ली आहे, त्याने सिक्लिड कुळातला मासा चाखला आहे. फक्त त्या कुळाचे नाव बहुधा त्याच्या कानावर आलेले नसते. चिलापी म्हणजे तिलापिया. तो मूळचा आफ्रिकेतला. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये मत्स्यशेतीसाठी भारतात आणला गेला आणि पुढे तिलापिया इथल्या तळ्या-धरणांत इतका पसरला की नव्या पिढीला तो इथलाच वाटतो. ह्या पाहुण्याच्या गर्दीत एक गोष्ट मात्र मागे पडली, ती म्हणजे सिक्लिड कुळाची आपल्या देशातली, अगदी घरची शाखा. गोव्यात जो मासा काळुंदर किंवा कालुंदर म्हणून विकला जातो आणि केरळात करिमीन म्हणून ज्याचा मान आहे, तो त्या शाखेतला सर्वांत मोठा आणि सर्वांत परिचित सदस्य. त्याचे शास्त्रीय नाव एट्रोप्लस सुरतेन्सिस. केरळ सरकारने २०१० मध्ये त्याला राज्यमाशाचा दर्जा दिला.

सिक्लिड हे जगातल्या मोठ्या मत्स्यकुळांपैकी एक आहे. वर्णन झालेल्या जातींची संख्याच १७०० च्या वर जाते आणि त्यांतल्या बहुतेक जाती आफ्रिकेच्या महासरोवरांत व मध्य-दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत राहतात. आशियात, इराणचा दक्षिण भाग आणि जॉर्डनचे खोरे सोडले, तर हे कुळ मूळचे म्हणून केवळ दक्षिण भारत आणि श्रीलंकेत आढळते आणि तेही अवघ्या तीन जातींच्या रूपाने. पहिली काळुंदर. दुसरी तिची लहानखुरी बहीण, केशरी क्रोमाइड, जिला मलयाळीत पळ्ळत्ती म्हणतात. ती जेमतेम आठ सेंटिमीटरची, पिवळ्या-केशरी अंगाची आणि कुशीवर तीन काळे ठिपके असलेली असते. तिसरी कॅनरा काळुंदर म्हणावी अशी, कर्नाटकाच्या किनारी भागातील मोजक्या गोड्या नद्यांपुरती मर्यादित जात, जिचे वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७७ मध्ये केले. ह्या लेखात मुख्यतः पहिल्या दोघींच्या संसाराविषयी लिहिणार आहे, कारण त्या दोघींचे आयुष्य एकमेकींत इतके गुंतलेले आहे की एकीला वगळून दुसरी समजत नाही.

आधी ओळख पटवून घेऊ. काळुंदर अंड्यासारख्या गोलसर आकाराचा, दोन्ही बाजूंनी चपटा, हिरवट-राखाडी मासा आहे. त्याच्या अंगावर सुमारे आठ गडद उभे पट्टे असतात, खवल्यांवर मोत्यासारखे पांढुरके ठिपके असतात आणि छातीच्या पराच्या मुळाशी काळा डाग असतो. बाजारात तो साधारणपणे तळहाताएवढा मिळतो, पण चाळीस सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. तिलापिया आणि काळुंदर यांत गोंधळ होत असेल तर पोटाखाली शेपटीकडच्या बाजूला असलेला पर, म्हणजे गुदपर, उघडून पाहावा. तिलापियात तिथे तीन काटे असतात, काळुंदरात बारा-तेरा. संपूर्ण कुळाची खूण हवी असेल तर नाकपुड्या पाहाव्यात: बहुतेक माशांना डोक्याच्या प्रत्येक बाजूस दोन छिद्रे असतात, सिक्लिडांना एकच. आणखी एक खूण बाहेरून दिसत नाही, पण तीच ह्या कुळाच्या भरभराटीचे कारण मानली जाते. त्यांच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढचा जबडा अन्न पकडतो आणि घशातला ते चिरडतो, त्यामुळे पुढच्या जबड्याला चावण्याच्या कामातून मोकळीक मिळते आणि तो खरवडणे, उचलणे, वाहून नेणे अशी निराळी कामे करू शकतो. ह्यातले 'वाहून नेणे' लक्षात ठेवावे, कारण पुढे पिलांच्या संगोपनात ते लागणार आहे.

ह्या माशाच्या सगळ्या सवयींच्या मुळाशी एक साधा हिशेब आहे. रोहूची मादी शरीराच्या एका किलोमागे लाखाहून अधिक अंडी घालते, पुराच्या पाण्यात ती सोडून देते आणि पुन्हा त्यांच्याकडे पाहत नाही. त्यांतली बहुतांश अंडी आणि पिले मरणार हे त्या संख्येतच गृहीत धरलेले असते. काळुंदराची मादी एका वेळी काही शे ते दोन-तीन हजार अंडी घालते. केशरी क्रोमाइडची तर दोनशेच्या आसपास. इतक्या थोड्या अंड्यांवर वंश चालवायचा असेल तर प्रत्येक अंड्याची किंमत वाढते आणि ती किंमत आईबापांना कष्टाच्या रूपाने मोजावी लागते. जागा निवडणे, पहारा देणे, पाणी हलवणे, पिले तोंडात उचलून नेणे, एवढेच नव्हे तर स्वतःच्या अंगावरचा थर पिलांना खाऊ घालणे, ह्या सगळ्या गोष्टी त्या एका हिशेबातून निघतात.

विणीचा काळ आला की नर आणि मादी जोडी करून उथळ पाण्यात येतात. दोघांत बाह्य फरक इतका थोडा असतो की सरावलेल्या डोळ्यालाही एरवी ते वेगळे सांगता येत नाहीत. मोराच्या पिसाऱ्यासारखा थाट इथे नाही आणि मला वाटते त्याचे कारण उघड आहे: ज्या जातींत नर केवळ मादीला मोहवून निघून जातो, तिथे थाटाला मोल असते, जिथे दोघांनाही आठवडेच्या आठवडे एकत्र राबायचे असते, तिथे थाट नुसता शत्रूला दिसायला कारण ठरतो. जोडी बुडालेला दगड, लाकडाचा ओंडका, नारळाच्या झावळीचा देठ किंवा पाण्यात उतरलेले मूळ अशी एखादी टणक जागा निवडते आणि तिच्यावरचे शेवाळ, गाळ तोंडाने खरवडून ती स्वच्छ करते. मग मादी अंडी चिकटवत जाते आणि नर मागोमाग ती फलित करतो.

ही अंडी सरळ पृष्ठभागाला टेकलेली नसतात. प्रत्येक अंडे एका बारीक, चिकट देठावर उभे असते. देठ कशाला, ह्याचे उत्तर प्राणवायूत आहे. अंड्याला कल्ले नसतात, त्याच्या पातळ आवरणातून जेवढा प्राणवायू आत झिरपेल तेवढाच त्याला मिळतो. पाणी स्थिर असेल तर अंड्याभोवतीच्या थरातला प्राणवायू लवकर संपतो आणि अंडे पाण्यात असूनही गुदमरते. देठामुळे अंडे पृष्ठभागापासून उचलले जाते, त्याच्या सर्व बाजूंनी पाणी फिरू शकते आणि आईबाप छातीच्या परांनी सतत वारा घातल्यासारखे पाणी हलवत राहिले की प्रत्येक अंड्याला ताजे पाणी लाभते. खराब झालेली, बुरशी धरलेली अंडी तोंडाने वेचून काढली जातात, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते. एक पाणी हलवत असताना दुसरा पहाऱ्यावर असतो, मग पाळी बदलते. गावातल्या एखाद्या घरी बाळंतिणीच्या खोलीबाहेर जशी कोणीतरी कायम बसलेली असते, तशी ही जागा चार-पाच दिवस कधीही रिकामी राहत नाही.

अंडी फुटल्यावर बाहेर येणारे जीव अजून मासे म्हणण्याजोगे नसतात. पोटाला बलकाची पिशवी, हालचाल म्हणजे नुसती वळवळ, पोहणे शून्य. ह्या काळासाठी आईबापांनी तळाच्या गाळात किंवा वाळूत आधीच छोटे खड्डे करून ठेवलेले असतात. पिले तोंडात घेऊन तिथे नेली जातात आणि धोका वाटला किंवा जागा मळली की एका खड्ड्यातून दुसऱ्यात हलवली जातात. मांजरी पिले तोंडात धरून घरभर जागा बदलते ते आपण पाहिलेले असते, हा त्याच जातीचा प्रकार आहे; फरक एवढाच की इथे पिले शेकड्यांनी असतात आणि हे काम आई आणि बाप दोघेही करतात. साधारण आठवडाभरात बलक संपतो, पिले पोहू लागतात आणि त्यांचा एक धूसर ढग आईबापांच्या अंगाभोवती फिरू लागतो. हा पहारा आणखी काही आठवडे चालतो.

आता केशरी क्रोमाइडकडे वळतो, कारण ह्यापुढची गोष्ट तिच्यात सर्वांत स्पष्ट दिसते आणि तिच्याच बाबतीत तिचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे. पोहू लागलेली पिले पुन्हापुन्हा आईबापांच्या अंगावर येऊन हलकेच घासून जातात, टोचा मारल्यासारखे करतात. वरवर पाहता हे लाडात येणे वाटेल. जॅक वॉर्ड आणि जॉर्ज बार्लो यांनी १९६७ मध्ये ह्या वर्तनाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. ही पिले आईबापांच्या त्वचेवरचा बुळबुळीत श्लेष्म खात असतात. मासा हातातून निसटतो तो ज्या थरामुळे, तो थर म्हणजे नुसते वंगण नव्हे. त्यात प्रथिने असतात आणि रोगजंतूंना अडवणारे घटकही असतात. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला डिस्कस हा दूरचा सिक्लिडही हेच करतो आणि त्याच्यावरच्या संशोधनात असे आढळले की विणीच्या काळात त्या थरातले प्रथिनांचे आणि प्रतिपिंडांचे प्रमाण वाढते. डिस्कसची पिले सुरुवातीला ह्या अन्नावर फार अवलंबून असतात. केशरी क्रोमाइडची पिले पाण्यातले सूक्ष्म जीवही खातात आणि अंगावरचा थर त्यांना पूरक आहार ठरतो. स्तन नसलेल्या, दूध नसलेल्या प्राण्याने पिलांना अंगावर वाढवण्याचा मार्ग शोधावा, ही गोष्ट वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. ह्याला दूध म्हणू नये, कारण त्याची घडण आणि उगम निराळा आहे. पण ते जे काम करते ते दुधाच्या कामाच्या जवळचे आहे.

पिलांना बोलावण्याची रीतही ह्या माशाकडे आहे. केशरी क्रोमाइडच्या पोटाखालच्या परांची जोडी काळी असते. आई किंवा बाप हे पर भरभर उघडझाप करतात आणि विखुरलेली पिले त्या हालचालीकडे धाव घेतात. केशरी अंगावर काळ्या रंगाची ती चमक लांबून दिसावी अशीच आहे. ह्यात एक अट मात्र दडलेली आहे: पाणी निवळ हवे. खूण डोळ्यांनी ओळखायची, शत्रू डोळ्यांनी हेरायचा, जोडीदाराची पाळी डोळ्यांनी समजायची, तर गढूळ पाण्यात हा सगळा संसार आंधळा होतो. श्रीलंकेतील निरीक्षणांतही विणीचा जोर पावसाच्या दोन मोसमांच्या मधल्या, पाणी निवळलेल्या काळात आढळला.

मोठी आणि लहान बहीण यांचे नाते आणखी विलक्षण आहे. रिचर्ड वायमन आणि जॅक वॉर्ड यांनी पाहिले की केशरी क्रोमाइड काळुंदराच्या अंगावरचे परजीवी आणि परांवरचा बुरशी लागलेला भाग टिपून खाते, आणि काळुंदर त्यासाठी एका जागी स्थिर राहून अंग पुढे करतो. त्यांनी १९७२ मध्ये हे प्रसिद्ध केले. समुद्रातल्या प्रवाळांत अशी साफसफाई करणारे मासे प्रसिद्ध आहेत, पण खाडीत आणि गोड्या पाण्यात राहणाऱ्या दोन सिक्लिडांमध्ये अशी देवघेव आढळणे दुर्मीळ. जी जात लहानपणी आईबापांचे अंग टोचून वाढते, तिने मोठेपणी शेजाऱ्याचे अंग टोचून उपजीविका करावी, ह्या दोन सवयींतले साम्य नजरेत भरते. मात्र हा शेजार सुखाचा नाही. हीच केशरी क्रोमाइड संधी मिळताच काळुंदराची अंडी आणि पिले खाते. म्हणजे एरवी जिला अंग सोपवायचे, तिलाच विणीच्या दिवसांत घरट्यापासून हाकलायचे. काळुंदराला ही दोन्ही कामे जमतात. एकाच शेजाऱ्याशी प्रसंग पाहून वेगवेगळे वागणे ह्या माशाला येते.

खाण्याच्या बाबतीत काळुंदर बहुतांशी शाकाहारी म्हणावा. पिले असताना पाण्यातले सूक्ष्म प्राणी, मोठेपणी धाग्यासारखे शेवाळ, पाणवनस्पती, कुजलेला पालापाचोळा आणि अधूनमधून किडे किंवा शिंपल्या. भ्यायल्यावर तो खोल पाण्याकडे पळण्याऐवजी पुष्कळदा तळाच्या चिखलात घुसतो. केरळच्या मच्छीमारांनी ही सवय फार पूर्वी हेरली. लांब दोराला माडाच्या कोवळ्या, पांढुरक्या पात्या बांधून तो दोर पाण्यातून ओढत नेला की त्या हलत्या पांढऱ्या रेषेला भिऊन करिमीन चिखलात दडतो आणि पाण्यात उतरलेली माणसे त्याला हातांनी वेचतात. माशाच्या स्वभावाचा एवढा अचूक अभ्यास प्रयोगशाळेबाहेर क्वचितच सापडेल.

ह्या माशाला गोड्या पाण्यातला म्हणावे की खाडीतला, असा प्रश्न नेहमी येतो. उत्तर असे की तो दोन्हीकडचा आहे आणि त्यामागचे काम समजून घेण्याजोगे आहे. माशाच्या रक्तात ठरावीक मीठ असते. गोड्या पाण्यात बाहेर मीठ कमी असल्यामुळे पाणी सतत अंगात शिरते आणि मीठ बाहेर पाझरते. मग मूत्रपिंडे भरपूर, पातळ मूत्र बाहेर टाकतात आणि कल्ल्यांतल्या विशेष पेशी पाण्यातले थोडेफार मीठ आत खेचतात. खारट पाण्यात सगळे उलटे होते: शरीर पाणी गमावते, मासा पाणी पितो आणि त्याच कल्ल्यांतून जादा मीठ बाहेर फेकले जाते. बहुतेक मासे ह्यांपैकी एकच तंत्र जाणतात. काळुंदर खारटपणा बदलेल तसे तंत्र बदलतो. गोव्यात ह्या गुणाची खरी कसोटी लागते, कारण मांडवीसारख्या नदीत मे महिन्यात समुद्राचे खारे पाणी कितीतरी आतपर्यंत पोहोचते आणि जुलैत तेच पात्र पुराच्या गोड्या पाण्याने भरून जाते. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, बांधांमागे, मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर करणाऱ्या उथळ पाणथळींत काळुंदर वाढतो तो ह्याच लवचिकपणामुळे. तिथे त्याला शेवाळ मिळते, टणक आधार मिळतो, खोल पाण्यातले मोठे शिकारी पोहोचत नाहीत. माणसाने शेतीसाठी उभी केलेली रचना ह्या माशाला घरासारखी लाभली, हे मला खाजनाच्या इतिहासातले एक सुंदर पान वाटते.

नावाविषयी दोन शब्द. बर्लिनचे वैद्य आणि मत्स्यतज्ज्ञ मार्कस ब्लॉख यांनी १७९० मध्ये काळुंदराचे वर्णन केले आणि नावात सुरत घातले, जरी हा मासा सर्वाधिक भरभराटीने राहतो तो केरळ आणि श्रीलंकेत.

त्याहून मोठा प्रश्न त्याच्या पूर्वजांचा आहे. काळुंदराचे सर्वांत जवळचे नातलग आफ्रिकेत नाहीत, मादागास्करमध्ये आहेत. तिथले पॅरेट्रोप्लस मासे आणि आपले काळुंदर एकाच शाखेचे. मध्ये अथांग हिंदी महासागर. एक मत असे की भारत आणि मादागास्कर एकाच भूखंडाचे भाग असताना ह्यांचे पूर्वज तिथल्या नद्यांत होते आणि सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी भूभाग वेगळे झाले तेव्हा माशांचीही वाटणी झाली. ह्या मताला अडचण अशी की आजवर मिळालेले सर्वांत जुने निर्विवाद सिक्लिड जीवाश्म, टांझानियातील महेंगे येथील, सुमारे ४ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. मधल्या चार कोटी वर्षांचा पुरावा कुठे गेला? म्हणून दुसरे मत असे की हे मासे नंतर केव्हातरी समुद्र ओलांडून आले. खारे पाणी सोसण्याची ताकद पाहता ते अशक्य वाटत नाही, पण उथळ खाडी आणि खुला महासागर यांत फार अंतर आहे, आणि जीवाश्म न मिळणे म्हणजे जीव नसणे असेही नव्हे. नातलगांची वाटणी भूखंडांच्या वाटणीशी इतकी चपखल जुळते की माझा कल पहिल्या मताकडे आहे; वाद मात्र अजून मिटलेला नाही.

आज ह्या माशापुढच्या अडचणी पुन्हा त्या पहिल्या हिशेबाकडेच नेतात. रोहूसारखा मासा एका मोसमातले नुकसान पुढच्या मोसमातल्या लाखो अंड्यांनी भरून काढू शकतो, काळुंदराकडे ती शिल्लक नसते. काठ दगड-सिमेंटने सरळ बांधून काढला की उथळ कडा जातात, गाळ आणि सांडपाणी वाढले की डोळ्यांवर चालणारा पहारा कोलमडतो, आणि तिलापिया आला की त्याच शेवाळावर आणि त्याच उथळ जागांवर दुसरा दावेदार उभा राहतो. मोझांबिक तिलापियाची मादी अंडी आणि पिले स्वतःच्या तोंडातच सांभाळते, त्यामुळे ती सांभाळायला तिला दगड, देठ, खड्डा कशाचीच गरज पडत नाही आणि पाणी मळले तरी तिचे फारसे अडत नाही. दोघेही एकाच कुळातले, दोघेही पिलांची काळजी घेणारे; पण एकीचा पाळणा तिच्या तोंडात आहे आणि दुसरीचा खाडीच्या तळाशी.

मासेमारीत ह्याचा सरळ अर्थ असा होतो की विणीच्या दिवसांत उथळ पाण्यात एकाच जागेभोवती घुटमळणारी, माणूस जवळ आला तरी न हटणारी जोडी दिसली तर तिच्याखाली अंडी किंवा पिले आहेत असे समजावे. असा मासा पकडायला सोपा असतो, कारण तो पळत नाही. त्याला उचलले की पाळी बदलणारे कोणी उरत नाही, आणि केशरी क्रोमाइडसारखे टपून बसलेले शेजारी घरट्यावर उतरायला वेळ लावत नाहीत. पिले आईबापांना सोडून स्वतंत्र फिरू लागली, म्हणजे महिना-दोन महिन्यांनी, की तीच जोडी पुन्हा इतर काळुंदरांत मिसळते आणि तेव्हा जाळ्यात आली तरी तिच्या मागे वाट पाहणारे कोणी नसते.